तात्पुरता पत्ता

३ मार्च
आमची कंपनी दुकानांची पार्सलं घरोघर पोचवते. दुकानं ऑर्डरी पाठवतात, माझा प्रोग्राम त्या वाचून लेबलं छापतो. पण दुकानदार वाट्टेल ते पाठवतात. पत्त्याच्या रकान्यात ‘नेहमीचाच’, ‘फोन करा’, नाहीतर नुसती टिंबं. माझं काम तपासणाऱ्या टेस्टरबाई म्हणाल्या, असल्या ऑर्डरी बाजूला काढा, दुकानाला परत विचारा. एवढा व्याप कोण करणार? पत्त्यात गडबड दिसली की प्रोग्रामने आपणहून दुसरा घालायचा, असं करून टाकलं. तात्पुरता माझ्या घरचा दिलाय. उद्या काढतो.

४ मार्च
एरर शून्य! महिनाअखेर टीम लीड नेमणार आहेत. माझ्याशिवाय आहे कोण?
पत्ता काढायचा राहिला.

७ मार्च
घरी पार्सल आलं. टेबल लॅम्प. आम्ही कोणीच मागवलेला नाही. मग डोक्यात प्रकाश पडला: लीडची बातमी फुटली असणार, लोक आतापासूनच मस्का लावतायत. लॅम्प झकास आहे.

१२ मार्च
भेटींचा ओघ चालूच. व्यायामाची सायकल, सहा उशा, कुत्र्याचा रेनकोट (आमच्याकडे कुत्रा नाही). सोफ्यावर बसायला जागा उरली नाही. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, यात काहीतरी लफडं आहे. त्यांना मोठेपणाची सवय नाही.

१८ मार्च
पार्सलं पोचत नाहीत म्हणून ऑफिसात फोनवर फोन. डिलिव्हरीवाले आळशी, दुसरं काय! आमच्याकडे येणारा बघा, दिवसातून चारदा जिना चढतो. मी सगळ्यांना माझं एरर शून्य दाखवलं. टेस्टरबाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. आदर वाटत असणार.

२१ मार्च
आज कहर झाला. पार्सलात केसांचा टोप! दाट, मधोमध भांग. माझं टक्कल इतक्या आपुलकीने साहेबांशिवाय कोण बघणार? बिचारे स्वतः सर्दी म्हणून आठवडाभर डोक्याला मफलर गुंडाळून बसलेत. देणाऱ्याचा मान राखायला हवा. इंटरव्ह्यूला घालूनच जाणार. बायको हसून हसून आडवी झाली. तिला फॅशन कळत नाही.

२४ मार्च
इंटरव्ह्यू. साहेब टोपावरून नजर काढेनात. मी नम्रपणे म्हणालो, आपलीच कृपा. साहेबांनी मफलर घट्ट केला आणि माझ्या घरचा पत्ता विचारला. मी सांगितला. टेस्टरबाईंनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. स्क्रीनभर तोच पत्ता, वरपासून खालपर्यंत. उद्या काढणार होतो तो. साहेबांनी लाजेखातर ऑर्डरमध्ये पत्ताच लिहिला नव्हता म्हणे. त्यांनी हात पुढे केला. मी हात मिळवायला गेलो. त्यांना टोप हवा होता.

२९ मार्च
लीड झाल्या टेस्टरबाई. मी दिवसभर सायकल खांद्यावर घेऊन मालक शोधत फिरलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३१ मार्च
लीडबाईंनी पहिला नियम भिंतीवर लावला: बाहेरून आलेलं काहीही तपासल्याशिवाय आत घ्यायचं नाही, शंका आली की बाजूला ठेवायचं. खाली बाहेरचे कोण कोण, तेही लिहिलंय. दुकानं, त्यांचे एजंट आणि शेवटी मी. घरी सांगितलं, तर सासूबाईंनी त्याची एक प्रत मागितली. आमच्या दाराला लावायला.