नोरीनच्या जन्माची वाइन

ती. झेली आत्येस,

फेलीसियांचा साष्टांग नमस्कार (पत्रातून घालता येतो तेवढा). तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे चार दिवस मिस्ट्राल वारा सुटलाय, त्यामुळे द्राक्षवेली कोरड्या ठणठणीत आहेत आणि माणसं चिडचिडी. बांदोलला तुझी सगळे आठवण काढतात. निदान मी तरी काढतो.

तर नोरीनच्या नि माझ्या लग्नाचं. ती जन्मली त्या साली तिच्या वडिलांनी, म्हणजे कालिक्स्तकाकांनी, तिच्या नावाची लाल वाइन तळघरात आडवी घातली. वाइन मुरली की पोरीचं लग्न, ही त्यांच्या घरची रीत. दरवर्षी द्राक्षं उतरली की काका एक बाटली उघडतात, घोट तोंडात घोळवतात आणि म्हणतात, "अजून तोंड मिटलेलं आहे, मुरली नाही." की आम्ही बसलो पुन्हा वर्षभर. आता बाटल्या इतक्या थोड्या उरल्यात की लग्नात पाहुण्यांना नुसतीच बुचं हुंगायला द्यावी लागतील.

पूर्वी आपल्या बंदरातली पिंपं जहाजावरून लांब जायची आणि वाइन डुलून डुलून लवकर मुरायची, असं म्हातारे सांगतात. म्हणून नोरीननं मला एक बाटली काढून दिली आणि मी मासेमारीच्या होडीत चढलो. (त्याआधी धक्क्यावर लोखंडी गोळ्यांचा डाव रंगला होता, तिथे जरा थांबलो. होडीवाल्यानं शिव्या घातल्या, त्या इथे लिहीत नाही.) बाटली तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेतली होती. ती मजेत होती. मी मात्र पोटातलं सगळं समुद्राला वाहिलं.

रविवारी जेवणावर काकांनी ती पेल्यात ओतली, तर तळाचा सगळा गाळ वर.

"हे काय, पुराचं पाणी?" काका म्हणाले.

"होडीतून फिरवून आणली," मी म्हणालो.

"गाढवा, वाइन आहे ती. नवरीची वरात नव्हे."

मग गाळ बसेपर्यंत आम्ही सगळे पेल्याकडे बघत बसलो. मटण गार झालं. शेवटी काकांनी घोट घेतला आणि बराच वेळ गिळलाच नाही.

"बाबा," नोरीन हळूच म्हणाली, "गेल्या वर्षीही अशीच मुरलेली होती ना?"

"होती," काका ताटाकडे बघत म्हणाले. "त्याच्या आदल्या वर्षीही. तू गेलीस की या टेबलाशी मी कोणाबरोबर पिऊ?"

नोरीननं आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीला लावली. मग काका डोळे पुसून माझ्याकडे वळले. "वाइन तयार आहे. जावई कच्चा आहे. याला चार-पाच वर्षं अंधारात आडवा ठेवा, मग बघू."

तुझा,
फेलीसियां

ता. क. वाइनच्या बाबतीत अख्ख्या गावात काका फक्त तुझ्या जिभेला मानतात. तेव्हा गुडघ्याला तेल लाव आणि पुढच्या रविवारी ये. त्यांना एवढंच सांग, की सगळंच काही ठेवून मुरत नाही. हा पोरगा गुलाबी वाइनच्या जातीचा आहे, कितीही ठेवला तरी सुधारणार नाही, याच उन्हाळ्यात संपवा.

ता. क. नोरीननं पत्र वाचलं. ती म्हणते, "आत्या, नक्की या. तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही."