दहा मिनिटांत चॉकलेट-खोबऱ्याचे गोळे

६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. घरात शांतता आहे, विचार करायला वेळ मिळतो. ही बहिणीकडे गेली त्याला आज अठरा दिवस झाले. मेव्हणीचं गुडघ्याचं ऑपरेशन. चार दिवसांचा प्रश्न होता, पण गुडघा काही कॅलेंडर बघून बरा होत नाही. जाताना उन्हाळ्याचे कपडेही घेऊन गेली. याला म्हणतात दूरदृष्टी. माझ्याबरोबर राहून आली असणार.
संकल्प: ती यायच्या आत चॉकलेट-खोबऱ्याचे गोळे स्वतः करायचे. वर्षभर या गोळ्यांपायी हिने स्वयंपाकघराचं गोदाम करून टाकलं होतं. ओट्यावर कीस, फ्रीजमध्ये ट्रे, माझ्या पाण्याच्या बाटलीला जागा नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, दहा मिनिटांचं काम, त्याला एवढा पसारा कशाला. जिन्नस तीन: चॉकलेट, सुकं खोबरं, कंडेन्स्ड मिल्क. पंपांच्या कारखान्यात मी नऊ हजार सुट्या भागांचं स्टोअर सांभाळतो. तीन जिन्नस म्हणजे किस झाड की पत्ती.
रविवारी ती येईल. समोर ताटली ठेवायची. बोलायचं काही नाही. फक्त घड्याळाकडे बघायचं.

७ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७.५०
चॉकलेट जळलं. दोष भांड्याचा. तळ फार पातळ आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
खोबऱ्याचा कीस शोधण्यात चाळीस मिनिटं गेली. एकाही डब्यावर लेबल नाही. आमच्या स्टोअरमध्ये असं खपवून घेतलं जात नाही. लगेच लेबलं लावायला घेतली. एकूण एकतीस डबे. त्यांतल्या सहांमध्ये काय आहे ते चव घेऊनही कळलं नाही. त्यांवर ‘तपासणे’ असं लिहिलं.
लागलेला वेळ दोन तास दहा मिनिटं. अर्थात लेबलांचा वेळ यात धरायचा नाही.

९ फेब्रुवारी, गुरुवार
परवा जळका वास वर गेला असावा. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई आज विचारपूस करायला खाली आल्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण नजर अजून ड्यूटीवरच. म्हणाल्या, चॉकलेट थेट गॅसवर ठेवतात का कुणी, खाली गरम पाणी, वर वाडगं. मी म्हटलं, तेच करणार होतो.
केलं. छान वितळलं. तेवढ्यात झाकणावरचं थेंबभर पाणी आत पडलं आणि अख्ख्या चॉकलेटचं सिमेंट झालं. एका थेंबाने एवढं बिघडणारा पदार्थ विश्वासार्ह म्हणता येणार नाही.
नर्सबाईंनी विचारलं, वहिनी कधी येणार. गुडघ्याचं सांगितलं. कुठला गुडघा, म्हणाल्या. मी डावा म्हटलं. कुठल्या हॉस्पिटलात, म्हणाल्या. मी म्हटलं, चांगल्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मलाच ताप आहे. मग वाडगं घासून ठेवून गेल्या. घासायची गरज नव्हती. मी उद्या घासणारच होतो.

११ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी
लेकीचा फोन. ती नोकरीच्या गावी असते, शनिवारी फोन करते. पहिला प्रश्न, आईला फोन केलात का. मी म्हटलं, ती तिकडे आजारी माणसाच्या सेवेत, कशाला त्रास द्यायचा. लेकीने तोच प्रश्न पुन्हा विचारला. लाइन खराब असावी. मग म्हणाली, बाबा, त्या ऑर्डरचं तुम्ही असं करायला नको होतं.
म्हणजे हिने ते तिला सांगितलं तर. एवढं काय झालं होतं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे गैरसमज नको. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना उघडणार होता. त्यांचा फोन आला तेव्हा ही आंघोळीला गेली होती. उद्घाटनाला दोनशे गोळे हवेत म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, तो तिचा विरंगुळा आहे, दोनशेचं मनावर घेऊ नका, दुसरीकडे बघा. तिचा त्रास वाचवला. त्या आठवड्यात जेवणाला आधीच रोज पाऊण तास उशीर होत होता. शिवाय दातांच्या डॉक्टरने चॉकलेट वाटायचं, यात तत्त्व म्हणून काही आहे की नाही?
हिला सांगितलं तर तिने केस पुसले. टॉवेल वाळत घातला. म्हणजे तिलाही पटलं होतं.
दुसऱ्या दिवशी गुडघ्याचं निघालं.

१२ फेब्रुवारी, रविवार
आली नाही.
गोळेही झाले नाहीत. कंडेन्स्ड मिल्कचा अख्खा डबा ओतला, कारण उरलेला ठेवायचा कुठे. मिश्रण वळेना. हाताला लावलं तर हात सोडेना. त्याच वेळी दाराची घंटा वाजली. वाटलं, आलीच. दोन्ही हात तसेच धरून कोपराने कडी काढली. समोरच्या घरातले आजोबा पेपर मागायला आले होते. म्हणाले, लांबी भरताय का खिडकीला.
मिश्रण दुपारी चमच्याने खाल्लं. संध्याकाळीही. चवीला वाईट नाही. फक्त खाताना समोर कुणीतरी हवं.

१५ फेब्रुवारी, बुधवार
चौथ्या प्रयत्नातले अकरा गोळे ऑफिसला नेले. लोकांचं मत घ्यावं म्हणून. आमच्या कारकुनाला सगळे रबरी शिक्का म्हणतात, कारण तो कशालाही हो म्हणतो. त्याने एक तोंडात टाकला आणि पुढची दहा मिनिटं त्याला काहीच म्हणता आलं नाही. नंतर म्हणाला, साहेब, टिकाऊ आहेत. वॉचमनने दोन घेतले, घरी नेतो म्हणाला. दुपारी बघतो तर त्यातला एक गोळा लावून गेटचा दरवाजा अडकवून ठेवलेला. वाऱ्याने आपटत होता म्हणे.
रबरी शिक्क्याने जाता जाता विचारलं, वहिनींचे मागच्या वर्षी आणलेले ते केवढे मऊ होते, त्या काय घालायच्या? मी म्हटलं, त्या उगाच वेळ घालवायच्या. हे बोललो आणि का कोण जाणे, जेवणाचा डबा उघडावासा वाटला नाही. पित्त असेल.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.३०
शास्त्राने काय प्रगती केली आहे! चॉकलेट आणायला बाजारात गेलो तर मेव्हणी दिसली. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या, आणि दुकानाच्या पाच पायऱ्या धडाधड उतरली. ऑपरेशनला महिनासुद्धा झाला नाही. डॉक्टरचं नाव विचारून ठेवायला हवं.
मी हात केला. तिने पाहिलं. पाहिलं हे नक्की. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली. पलीकडे ऊन होतं. हाडांना ऊन चांगलं.
एका पिशवीतून सुक्या खोबऱ्याच्या किसाची पाकिटं डोकावत होती. पुष्कळ पाकिटं.
आज काही केलं नाही. नुसता बसलो.

१८ फेब्रुवारी, शनिवार
‘तपासणे’ लिहिलेले डबे तपासायला घेतले. मागच्या रांगेत, डब्यांच्या आड, हिची एक वही सापडली. लेकीची जुनी शाळेची वही, अर्धी कोरी. पहिल्या पानावर गोळे, प्रयत्न पहिला. चॉकलेट जळलं. दुसरा: पाणी गेलं, दगड झालं. तिसरा: मिल्क जास्त, वळत नाही.
वाचताना मला आधी हसू आलं. म्हणजे हिचंही तसंच झालं होतं! मग पानं उलटत गेलो. प्रयत्न नववा. प्रयत्न चौदावा. ‘खोबरं मंद आचेवर, रंग बदलायच्या आत उतरवणे.’ ‘मीठ चिमूटभर, त्याने गोडी कळते.’ ‘कढईची कड सोडेपर्यंत ढवळणे, घाई नको.’ ‘हात कोरडे.’ प्रयत्न सतरावा: ‘हे म्हणाले, दात दुखेल.’ प्रयत्न एकोणिसावा: ‘ह्यांनी चार खाल्ले, टीव्ही बघत. काही म्हणाले नाहीत.’ प्रयत्न तेविसावा: ‘जमले.’ त्याखाली दोन रेघा.
मला तेविसाव्याची चव आठवेना. खूप आठवून पाहिली. टीव्हीवर काय होतं ते आठवलं.
शेवटच्या लिहिलेल्या पानावर दोनशे गोळ्यांचा हिशेब. कीस किती, चॉकलेट किती, पुठ्ठ्याचे खोके वीस, प्रत्येकात दहा. म्हणजे डॉक्टरीणबाईंशी तिचं आधीच बोलणं झालं होतं. त्या फक्त पक्कं करायला फोन करत होत्या. मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर
तर मी काय केलं असतं ते आता लिहून उपयोग नाही. संध्याकाळी लेकीचा फोन आला. उचलला नाही. हातात वही होती.

१९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४
वही ओट्यावर उघडी ठेवून, ओळ न् ओळ वाचत केलं. तीन तास लागले. बावीस गोळे झाले. गोल आहेत. चमकतात. एक खाल्ला आणि पटकन बसलो.
नवी योजना. उद्या डॉक्टरीणबाईंना फोन करून सरळ माफी मागायची आणि ऑर्डर परत मिळवायची. उद्घाटन पुढे ढकललं असेलच, अशी कामं कधी वेळेवर होत नाहीत. मग ऑर्डर आणि गोळे दोन्ही घेऊन बहिणीकडे जायचं. ती हसेल. सामान टॅक्सीत मावेल. परत आल्यावर फ्रीजचा अख्खा एक कप्पा तिच्या नावाने. लेबल तयार केलं आहे.

२० फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १.१५
ऑफिसातून दवाखान्यात फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, उद्घाटन तर दहा तारखेलाच झालं. गोळे? ते करणाऱ्या बाईंनीच दिले ना, दोनशे. त्यांच्या घरून फोनवर कुणीतरी नाही म्हणालं होतं, तर त्या स्वतः दुसऱ्या दिवशी इथे येऊन ऑर्डर घेऊन गेल्या. सगळ्यांना इतके आवडले की अजून तिघांनी नंबर नेलाय. मग म्हणाली, आपण कोण बोलताय?
मी म्हटलं, पंपांच्या कारखान्यातून. ते खोटं नाही.
गुडघ्याची सेवा करता करता दोनशे गोळे. कमाल आहे हिची. कामाची माणसं रिकामी बसूच शकत नाहीत.
उद्या अर्ध्या दिवसाची रजा.

२१ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७
जाऊन आलो.
दार मेव्हणीने उघडलं. मी म्हटलं, गुडघा कसा आहे. ती म्हणाली, कुणाचा? मग बाजूला झाली आणि आत हाक मारली, ताई, हे आलेत.
त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कागद अंथरलेला, त्यावर गोळ्यांच्या रांगा. ही मधे उभी, डोक्याला रुमाल, हातात दोन चमचे. बारीक झाली आहे. की आधीपासूनच होती? मला म्हणाली, बसा, कोपर लावू नका. मी बसलो. माझा डबा पुढे केला. तिने झाकण काढून पाहिलं, वही सापडली वाटतं, म्हणाली. एक गोळा मधोमध कापला, आतून पाहिला, अर्धा खाल्ला. म्हणाली, वरचा थर जाड झालाय, चॉकलेट थोडं गरम असताना बुडवायचं. पण चांगला आहे. खरंच चांगला आहे.
घड्याळाकडे बघायचं मला सुचलंच नाही.
मग मी विचारलं, कधी यायचं म्हणतेस. फ्रीजच्या कप्प्याचं सांगितलं. एकतीस डब्यांना लेबलं लावली तेही. ती ऐकून घेत होती. हातातलं काम थांबलं नाही. शेवटी म्हणाली, अहो, मी निघताना सांगितलं होतं. मी आता आपल्या घरी राहणार नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, बरं, आणि आवाज वाढवलात टीव्हीचा.
मी म्हटलं, मला चार दिवस ऐकू आलं.
ती म्हणाली, चार दिवस मी म्हटलंच नाही. ऑपरेशनही नाही. ते तुम्ही वरच्या नर्सबाईंना सांगितलंत, त्यांनी मला फोन करून विचारलं तेव्हा मला कळलं.
मी दवाखान्याच्या फोनबद्दल माफी मागितली. नीट मागितली. रात्री पाठ करून गेलो होतो, ते सोडून भलतंच बोललो, पण मागितली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता. ती म्हणाली, फोनचं नाही हो. त्या दिवशी मला कळलं की तुम्हाला मी काय करते तेच माहीत नाही. एकतीस वर्षं. मग रुमालाने डोळे पुसले, हात धुतले, कोरडे केले आणि पुन्हा चमचे घेतले. तिघांच्या ऑर्डरी होत्या, उशीर करून चालत नाही म्हणाली.
मी निघालो. जिन्यात होतो तेव्हा वरून हिची हाक आली, अहो! मी चार पायऱ्या एका दमात चढलो. ती दारात उभी. म्हणाली, एवढं खोबरं भाजलंत तर गॅस संपत आला असेल. सिलेंडर बुक करा.

२५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११.२०
सिलेंडर आला. आणणाऱ्या गृहस्थाने कोड विचारला. कनेक्शन हिच्या नावावर, कोड हिच्या मोबाइलवर. फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. तिने चार आकडे सांगितले. मी म्हटलं, बाकी कशी आहेस, आणि बरंच काही म्हणालो. नंतर कळलं, तिने आकडे सांगून फोन ठेवला होता.
गृहस्थ म्हणाला, साहेब, कोड?
मी आकडे विसरलो होतो. पुन्हा फोन केला. या वेळी तिने एकेक आकडा सावकाश सांगितला, दोनदा, आणि म्हणाली, लिहून घ्या.
लिहून घेतले.