शाळेमागची चार मातींची जागा

सर, शाळेमागची तुमची जागा आता राहिली नाही. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी हे मीच तुम्हाला सांगावं असं वाटतं, आणि मग लक्षात येतं की तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, सांगणारं दुसरं कुणी उरलेलंच नाही. तुमच्या वेळचे शिक्षक निवृत्त होऊन पांगले, काही तुमच्यामागून गेले. ज्या खोलीत तुम्ही भूगोल शिकवायचात तिथं मी शिकवते. मागच्या बाजूची ती मोठी खिडकी अजून आहे. तिच्यातून आता राखाडी ब्लॉक दिसतात आणि त्यांच्यावर पत्र्याची शेड. मुलं तिथं सायकली लावतात.

मी नववीत होते तेव्हा तिथं नुसतं बरड होतं. दगड, कुसळं आणि एक वाकडी बोर. तुम्ही वर्गाला घेऊन तिथं गेलात आणि म्हणालात, आपण इथं जिल्हा आणायचा. आम्हाला काहीच कळलं नाही. वर्गात तुम्ही पुस्तकातली मराठी बोलायचात आणि बाहेर आलात की अहिराणीवर यायचात, म्हणून आम्ही बाहेर जास्त ऐकायचो. “सपाटीवाला काळी माती लई या,” तुम्ही म्हणालात, “तापीवाला गाळ लई या, आनि डोंगरवाला डोंगरनी लई या. बरड ते आपली शेच.” म्हणजे ज्यानं त्यानं आपापल्या भागातली माती आणायची, बरड तर शाळेत होतीच. काळी माती आमच्या ब्राह्मणपुरीच्या शेतातून यायची ठरली. मी घरी सांगितलं तेव्हा वडील जेवत होते. हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, “शाळाले माती कसाले लागस?” तरी दोन दिवसांनी ट्रॉली भरून आली. आमच्या मातीची ट्रॉली शाळेच्या फाटकातून आत येताना मला फार मोठं वाटलं होतं.

डोंगराची माती आणली ती वसतिगृहातल्या एका मुलानं. तो वरच्या धडगावकडच्या पाड्यावरचा, घरी भिलीत बोलणारा. वर्गात तोंड उघडायचा नाही. दिवाळीच्या सुट्टीवरून परत आला तो एसटीच्या टपावर गोणी टाकून. वर्गाच्या दारात गोणी उतरवली तेव्हा तिच्यातून तांबूस मुरूम सांडला आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले. तुम्ही हसलेल्यांना काही बोलला नाहीत. गोणीचं तोंड सोडलंत, ओंजळभर माती टेबलावर ठेवलीत आणि त्याला विचारलंत, “हिच्यात काय येतं तुमच्याकडं?” तो खाली बघत म्हणाला, “मोह. अंजन. साग.” तुम्ही फळ्यावर ते लिहिलंत आणि त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाहीत. पुढच्या वर्षभरात त्याच्याबरोबरच्या मुलांनी किती गोण्या आणल्या कुणास ठाऊक. कंडक्टर ओळखायला लागले होते.

आम्ही कमरेइतके खोल चार खड्डे खणले, वाफ्यासारखे लांबट, आणि एकेकात एकेक माती भरली. तुम्ही चारही ठिकाणी सागाचं रोप लावलंत. पाऊस तोच, ऊन तेच, रोप तेच, मग बघू काय होतं ते, असं म्हणालात. पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचून राहिलं आणि साग पिवळा पडला. मुरमातला मात्र हिरवा. पुढं त्याच मुरमात तुम्ही मोह आणि अंजनही लावलेत. आमच्या शेतातल्या मातीत रोप मरतंय याचा मला राग आला होता. त्याच सुमारास सहामाहीच्या पेपरात मी लिहिलं, सातपुड्यातली मृदा निकृष्ट असते. तुम्ही मला शिक्षकखोलीत बोलावलंत. अजून ते डोळ्यांसमोर आहे. तुम्ही खुर्चीत बसलेले आहात, पेपर तुमच्या मांडीवर आहे, मी दाराला पाठ लावून उभी आहे. तुम्ही विचारता, “निकृष्ट कुणासाठी?” मी म्हणते, “पिकासाठी.” “कोणत्या?” “कापसासाठी.” “मग तसं लिही. मोहाला विचारलंस का, त्याला ती निकृष्ट वाटते का?” आवाज चढलेला नाही. पण मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं, कारण डोळे लपवायचे होते. मी भूगोल घेऊन पुढं शिकले ते त्या नळावर ठरलं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आले आहे. खरं म्हणजे तेव्हा काही ठरलं नव्हतं. नुसती लाज वाटली होती.

याच शाळेत मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही निवृत्तीला आला होतात. पहिल्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलंत. खुरपं होतं. मूठ तुमच्या तळव्यानं गुळगुळीत झालेली. “खडू शाळा देईल,” एवढंच म्हणालात. त्यानंतर मी कितीतरी वर्गांना त्या जागेत नेलं. हवामान, मृदा, वनस्पती हे धडे मी खोलीत कधी शिकवलेच नाहीत. उन्हाळ्यात काळ्या वाफ्याला भेगा पडायच्या, मुलं त्यात पट्टी घालून खोली बघायची. सपाटीवरची पोरं मोहाखाली बसायची आणि वसतिगृहातल्या मुली त्यांना सांगायच्या की फूल पहाटे पडतं, वेचायला अंधारात उठावं लागतं. अंजन किती तरी वर्षं खुजाच होता, मग एकदम वर गेला. तो आधी खाली वाढतो, असं तुम्ही सांगितलं होतं. तुम्ही गेलात त्या उन्हाळ्यात त्याला तांबूस पालवी होती. अंत्यविधीहून परत येऊन मी शाळेत गेले आणि त्याच्याखाली बसले. त्या दिवसाची मला लाज वाटत नाही.

लाज आहे ती या वर्षाची. जानेवारीत संस्थेची बैठक झाली. मुख्याध्यापक उन्हाळ्यात निवृत्त होणार होते आणि ज्येष्ठतेनं खुर्ची माझ्याकडं येणार होती, पण कागद निघेपर्यंत काही खरं नसतं, असं सगळे म्हणत होते. बैठकीत सायकल शेडचा विषय निघाला. अध्यक्ष माझ्याकडं वळून म्हणाले, “मॅडम, मांगली जागा मोकळी शे. तठे ब्लॉक बसाडाना इचार शे. तुम्हनं काय म्हननं?” सर, त्यांनी दटावून विचारलं नव्हतं. चहाची बशी हातात होती, चेहरा साधा होता. मला सांगायचं होतं की जागा मोकळी नाही. तिथं चार माती आहेत, झाडं आहेत, निम्म्या तालुक्याची मुलं तिथं भूगोल शिकली. हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. मी म्हटलं, “चालेल.” विषय संपला. पुढचा विषय स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा होता आणि त्यावर मी चांगली सविस्तर बोलले.

जेसीबी आला तेव्हा माझा नववीचा तास चालू होता. धडा नैसर्गिक वनस्पतींचा. त्या जागेत जाणं शक्य नव्हतं म्हणून मी प्रोजेक्टर लावला होता. पानझडी वनांचं चित्र पडद्यावर होतं, कुठल्या तरी राज्यातल्या, कुठल्या तरी जंगलाचं. पानझडी झाडं उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं का गाळतात, हे मी विचारत होते आणि मागं यंत्राचा आवाज वाढत होता. मी खिडकी लावून घेतली. काचेतूनही आवाज येत होता, मग मी माझा आवाज वाढवला. वसतिगृहात राहणारी एक मुलगी उभी राहिली. अभ्यासात हुशार, आणि बोलणारी. म्हणाली, “मॅडम, ते अंजन पाडतायत.”

“खाली बस,” मी म्हटलं.

ती बसली नाही. “तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील.”

“मी काय विचारलं? पानं का गाळतात?”

ती माझ्याकडं बघत म्हणाली, “पाणी वाचवायला.” उत्तर बरोबर होतं. मी “बरोबर” म्हटलं आणि ती बसली. तेवढ्यात मागं काहीतरी मोठं पडल्याचा आवाज झाला आणि वर्गातल्या कुणीही मान वळवली नाही, कारण मी समोर उभी होते. तुमच्या खोलीत, सर, तुमच्या फळ्यावर पडदा सोडून.

होळीच्या आधी वसतिगृहातल्या मुलांना घरी न्यायला पालक येतात. त्या मुलीला न्यायला तिचा बाप आला. तो गुजरातेतून ऊसतोड संपवून परस्पर आला होता, अंगावरचे कपडे प्रवासाचे होते. तुम्ही ओळखलं असेल. ज्यानं पहिली गोणी आणली तो मुलगा. दहावीनंतर तो शिकला नाही, पण लेकीला त्यानं हट्टानं याच शाळेत घातलं होतं. एकेकाळी आम्ही एका वर्गात होतो, आता तो मला मॅडम म्हणतो आणि मी त्याला तसं म्हणू देते. लेकीची पिशवी खांद्याला लावून तो मागच्या बाजूला गेला. मी वरून पाहिलं आणि खाली आले. का आले ते माहीत नाही. न येता चाललं असतं.

जागा सपाट करून झाली होती, ब्लॉक अजून यायचे होते. तो कडेला उभा होता. चिडलेला वगैरे नव्हता. मला बघून त्यानं विचारलं, “मॅडम, आमची माती कुठं टाकली?”

मला माहीत होतं. रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात भरली होती, चारही एकत्र. मी म्हटलं, “वरून आदेश होता. आमच्या हातात नव्हतं काही.”

“वरून असंल तर तुम्ही तरी काय करणार,” तो म्हणाला. आणि माझी समजूत घालावी तसं पुढं म्हणाला, “सर असते तरी त्यांनाबी ऐकावंच लागलं असतं.” मी मान हलवली. तुमच्या नावावर मी ते खोटं खपू दिलं. लेक शेजारी उभी होती. तिनं बापाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दोघं एसटी गाठायला निघून गेले.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी मुख्याध्यापक झाले होते. शेडचं उद्घाटन ठेवलं होतं. पाहुण्यांना गुच्छ द्यायला मी मुली उभ्या केल्या, त्यांत तीही होती. फीत कापून झाल्यावर अध्यक्ष इकडंतिकडं बघत मला म्हणाले, “आठे झाडं व्हतात ना, मॅडम? सरनी लायेल?” मी हो म्हटलं. त्यांनी शेडकडं बघितलं. मग म्हणाले, “तवयच सांगनं व्हतं ना. शेडले काय, बाजूनी जागा बी चालनी असती.” त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. ते पुढं चालायला लागले आणि मी वळले तर ती मुलगी गुच्छ हातात धरून माझ्या मागं उभी होती. सपाटीवरच्या मुलींइतकीच अहिराणी तिला कळते. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं गुच्छ अध्यक्षांना नेऊन दिला, वाकून नमस्कार केला आणि रांगेत परत गेली.

ती आता दहावीत आहे. माझ्या तासाला पुढच्या बाकावर बसते. विचारलं तेवढं बोलते, पुस्तकात आहे तेवढंच सांगते. परवा चाचणीत तिनं सातपुड्यातल्या मातीवर लिहिलेलं उत्तर मी वाचलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. गुण कापायला कुठं जागाच नव्हती. आधी ती असं लिहायची नाही, तिच्या पाड्यावरचं काहीतरी आत घुसवायची आणि मी समासात खूण करायचे. आता मी तिला पूर्ण गुण दिले. तिनं पेपर घेतला, घडी घातली आणि “थँक्यू मॅडम” म्हणाली. तिला बोलावून सांगावं, तुझ्या बापाला मी खोटं सांगितलं म्हणून, असं मी रोज ठरवते. मुख्याध्यापकाच्या खोलीत रोज कुणीतरी काम घेऊन येतं आणि तो दिवस जातो. नवीन जागा करता येईल, कुंपणाच्या कडेला, हेही मनात येतं. पण त्यासाठी पुन्हा कुणाला तरी डोंगरातून गोणी आणायला सांगावं लागेल, आणि ते सांगायला मला तोंड नाही.

तुमचा मुलगा नाशिकला असतो. हे त्याला पाठवावं असं एकदा वाटलं, पण तो भला माणूस आहे, तो मला उलट धीर देईल, आणि धीर देणारा एक मला आधीच भेटून गेला. म्हणून हे कुठंच जाणार नाही. फक्त एक लिहायचं राहिलं. यंदा पाऊस चांगला झाला. मागच्या बाजूला पूर्वी गुडघाभर चिखल व्हायचा, मुरमाच्या वाफ्यापाशी चपला रुतायच्या. परवा सकाळी मी पावसात आले, स्कूटी सरळ शेडखाली लावली आणि कोरड्या पायांनी ऑफिसात गेले. सर, मला बरं वाटलं.