पँट आमचीच होती

प्रिय घुमे,

रविवारी सकाळी तुझ्या बाबांना भेटायला मी येतोय, म्हणजे येतोयच. कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराला ते दारात तरी उभं करतील का, ही तुझी काळजी. मला ती नाही. मामाच्या शिंपीकामाच्या दुकानात दीड वर्ष काढलंय. पँट आता डोळे मिटून कापतो. हसू नकोस, दहाही बोटं शाबूत आहेत.

कॉलेजच्या परीक्षेत 'गुडविल म्हणजे काय' या प्रश्नाखाली मी तुझ्यावर दीड पान लिहून आलो होतो, हे तुला ठाऊकच आहे. त्याचा खरा अर्थ मला मंगळवारी कळला, तोही तोंडघशी पडून.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. आम्ही शिवलेल्या पँटच्या मागच्या शिवणीत दोन बोटं जादा कापड सोडलेलं असतं, आणि पोट सुटलं की कंबर फुकट सैल करून मिळते, अगदी जन्मभर. मंगळवारी एक गृहस्थ आले. राखाडी पँट काउंटरवर ठेवून म्हणाले, "तुमच्याकडचीच आहे, जरा सैल करा." मी ती उलटी केली, तर आत जादा कापड नखभरही नाही. झालं, डोकं फिरलं. चार गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, "काका, पोट तुमचं, शिवण दुसऱ्याची, मग भुर्दंड आम्हाला का?" त्यांचा चेहरा पार उतरला. पँट उचलून ते निघालेच होते, तेवढ्यात मामा मशीनवरून उठला. "अहो, बसा! आमचीच आहे. ह्याला अजून सुईत दोरा ओवता येत नाही, हा काय पँट ओळखणार!" मग चिंध्यांच्या पेटीतून राखाडी तुकडा शोधून त्याने असा बसवला, की जोड शोधून सापडू नये.

ते गेल्यावर मी मामावर उखडलो. तो शांतपणे म्हणाला, "गाढवा, गावात बारा शिंपी आहेत. थाप मारायची वेळ आली तरी त्यांना आपलंच दुकान आठवलं. तुझ्या कॉलेजात ह्याला काहीतरी म्हणत असतील." गुडविल म्हणतात, मी पुटपुटलो. "मग तेच तू दाराबाहेर घालवत होतास."

आता जे सांगायला बसलो ते. ते गृहस्थ जाण्याआधी मामाने मला त्यांची मापं वहीत घ्यायला लावली होती, म्हणजे पुढची पँट खरोखरच आमची. कंबर, मांडी, लांबी मी लिहिली. मग त्यांनी नाव-पत्ता सांगितला आणि माझी पेन्सिल जागीच थांबली. ज्या घरावरून मी रोज उगाच चार वेळा सायकल मारतो, त्या घराचा पत्ता होता तो. त्यांनी घरी काही सांगितलं नसणार, म्हणून तू माझ्या तोंडून ऐक. रविवारी ते दार उघडतील आणि मला ओळखतील. तू मध्ये पडू नकोस, माझी वकिली करू नकोस. मी सगळ्यांसमोर माफी मागणार आहे: पँट आमचीच होती, मलाच ओळखता आली नाही. त्यानंतर तुझा हात मागणार. आणि तू, सगळं ठाऊक असूनही, 'एवढंही कळत नाही याला!' म्हणून मला मनसोक्त हस.

तुझाच,
तडतड्या