सायकसचं पाणी

प्रिय निधी,

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर बाबांचं नाव काढलं की तू “आई, ठेवते” म्हणतेस, म्हणून लिहायला बसले. निदान हे तरी पुरतं वाचशील. अमरावतीला ऊन कसं आहे? इथं जठारपेठेत उन्हाळा नुसता भाजून काढतोय, कूलरसमोरून हलावंसं वाटत नाही.

अंगणातला तुझा सायकस आठवतो ना? तू पाचवीत होतीस. बाबा नर्सरीतून घेऊन आले आणि तुम्ही दोघांनी मिळून खड्डा खणलात. पानांची टोकं बोटात घुसली म्हणून तू भोकाड पसरलंस, तर त्यांनी त्या झाडालाच नोटीस पाठवायची धमकी दिली. वकील ना! तू रडता रडता हसलीस.

तर एप्रिलपासून त्याची पानं तपकिरी पडायला लागली. अकोल्यात पान करपलं की दुसरं काही मनातच येत नाही, ऊन जास्त झालं आणि पाणी कमी पडलं. मी जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं, पण मीही तेच केलं. हिरवी नेट बांधली, पानं उलटून पांढरी कीड शोधली, ती नव्हती. मग संध्याकाळी बादलीभर पाणी वाढवलं. झाड आणखीच बिघडलं. खालची पानं पिवळी पडून लोंबायला लागली.

त्याच सुमाराला टाकी सारखी रिकामी व्हायला लागली. आपल्याकडे नळ कसा येतो तुला माहीत आहे, आला तो दिवस सणाचा. प्लंबरला गळती सापडेना. मग मी भांडी घासणाऱ्या मैनाबाईवर घसरले. ती म्हणाली, “मी काहून पानी सांडू बाई? माह्या घरी तं भांडे घासाले पुरत नाही.” रुसली, आणि खरंच होतं तिचं.

शेवटी बुंध्याशी खुरपं घातलं. काळ्या मातीचा नुसता चिखल, कुबट वास, आणि मुळं काळी पडलेली. चिमटीत धरलं की साल हातात येई. झाड उन्हानं करपत नव्हतं, पाण्यानं सडत होतं. या घरात! नळ थेंबभर गळला तरी सगळ्यांची उलटतपासणी घेणाऱ्या माणसाच्या घरात!

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत राहिले. बाबांनी बादलीभर पाणी टाकलं, खुर्चीत बसले, पेपर उघडला. थोड्या वेळानं मान वर करून झाडाकडं बघितलं. “याले आज पाणी काहून नाही टाकलं कोणी?” असं पुटपुटत उठले आणि पुन्हा बादली भरली. मग परत तेच. ओट्याला धरून तिथंच रडले गं.

मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार, गोळ्यांनी थोडा सावकाश वाढेल एवढंच. झाडाचं मी केलं. मैनाबाईच्या मदतीनं उपटलं, सडकी मुळं चांगला भाग लागेपर्यंत कापली, बुरशीनाशक पावडर लावून व्हरांड्यात सावलीला सुकत ठेवलंय. गाभा अजून टणक आहे. आता रेती घालून कुंडीत लावीन आणि पाण्याचा हात आखडता ठेवीन, कदाचित जगेल. झाडाची मुळं कापता येतात, निधी. यांचं मी काय कापू? रोज सकाळी ते त्या रिकाम्या खड्ड्याला पाणी घालतात. मी अडवत नाही.

आता ज्यासाठी लिहिलं ते. परवा दिवेलागणीला ते फाटकाशी उभे होते. कुणाची वाट पाहता विचारलं तर म्हणाले, “निधी आली नाही अजून. ट्यूशन सुटली असंन ना?” मी मुद्दाम गोपालरावांचं नाव घेतलं. कपाळावर आठी नाही, काही नाही. “कोण गोपाल?” तुझं लग्न, त्यावरून त्याच फाटकात तुला बोलले ते घाणेरडे शब्द, सगळं पुसलं गेलंय. तुझा राग खरा आहे, मी तो खोटा म्हणणार नाही. पण ज्या माफीसाठी तू थांबली आहेस ती आता मिळायची नाही, बाळा. जे आठवतच नाही त्याची माफी कशी मागतील? भांडण विसरलेत, तू अजून आठवतेस. पण काल तुझा फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत बसले, तेव्हा कुठं नाव आठवलं. या रविवारीच ये, गोपालरावांनाही घेऊन ये. आणि इतका उशीर कुठं झाला म्हणून विचारलं, तर जुनं काही काढू नकोस. ट्यूशन उशिरा सुटली म्हण.

तुझीच,
आई