ते लग्न नव्हतंच

३ मार्च १५५४
हुकूम आलाच! लग्न केलेल्या पाद्र्यांनी बायको सोडावी, नाहीतर चर्च. मागच्या राजाच्या काळात लग्नाला मोकळीक मिळाली, म्हणून तर केलं! आता राणीसाहेबांनी पोपचा जुना धर्म परत आणलाय. थॉमसिनला अजून सांगितलं नाही.

४ मार्च
चर्चमधली मासची प्रार्थना पुन्हा लॅटिनमध्ये. मूर्तींवर बंदी आली तेव्हा चर्चच्या राखणदारानं, हम्फ्रीनं, गवताच्या गंजीत लपवलेली मेरीची लाकडी मूर्ती त्यानं बाहेर काढली. नाक उंदरांनी खाल्लेलं. म्हणतो, "फादर, तिनंही सोसलंय हो." बायका रडल्या. मला घरी जायची भीती वाटत होती.

६ मार्च
थॉमसिनला बाजारात कळलं. "पाच वर्षं तुमची चूल सांभाळली. पोटचं पोर पुरलं. मग मी होते कोण— मोलकरीण?" म्हटलं, राण्या काय कायमच्या असतात? थोडे दिवस भावाकडे राहा, परत बोलावीन. "आणि नाही बोलावलंत तर?"
भित्रा आहे मी. चर्चशिवाय मला दुसरं येतं काय?

८ एप्रिल
अनवाणी, अंगावर पांढरी चादर, हातात मेणबत्ती. सगळ्या गावासमोर शपथ घेतली— ते लग्न नव्हतं, पाप होतं. तीही शेजारी तशीच उभी. तिनं नुसते ओठ हलवले. मी मात्र खणखणीत बोललो.

२० मे
नवं गाव. शिक्षा भोगलेल्याला जुन्या गावात ठेवत नाहीत. इथे कुणाला काही ठाऊक नाही.

३० जुलै
राणीसाहेबांचं लग्न झालं. त्यांना चालतं! थॉमसिनचा भाऊ येऊन गेला. "कधी नेताय तिला?" म्हटलं, अजून थोडं थांबा. तो न जेवताच गेला.

२ ऑक्टोबर
गिरणीवाला अँब्रोझ आला. विधुर, भला माणूस. लग्न ठरलंय, तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारा म्हणाला. "बाई गुणाची आहे, फादर. आधी कुणा पाद्र्याच्या घरात होती. पण ते लग्न नव्हतंच— त्यानंच शपथेवर सांगितलंय! मग आडकाठी नाही ना?"
नाव विचारलं. थॉमसिन.
म्हटलं, नाही. आडकाठी नाही.

२१ ऑक्टोबर
तिसरा रविवार. "कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला," मीच विचारलं. थॉमसिन समोर उभी होती. माझ्याकडे बघत— वाट बघत.
मी पान उलटलं.