मास्तरांची टीप

सोमवार, ३ जानेवारी

लागले एकदाची नोकरीला! सकाळी ताई जिन्यापर्यंत आली आणि मी खाली पोचेपर्यंत वरून सूचना देत राहिली, जणू मी पहिल्यांदाच शाळेत चालले होते. अडतिसाव्या वर्षी! ही वही भावजींनी दिली. म्हणाले, दिवसभर दुसऱ्याचं लिहिणं दुरुस्त करशील, संध्याकाळी चार ओळी स्वतःच्याही लिही.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. चार खोल्या आणि एक खिडकी, जी बंद होत नाही. पानं जुळवायचं सॉफ्टवेअर इथं बनतं. पुस्तकं, फॉर्म, तक्ते, काय हवं ते त्यात मांडून छापायचं. छापखाने ते वापरतात, शाळा वापरतात. साठेक हॉस्पिटलंही औषधांचे तक्ते त्यावरच काढतात. त्याची चारशे पानी माहितीपुस्तिका सोपी करायची, हे माझं काम. पुस्तिका त्या सॉफ्टवेअरच्या पोटातच असते. नवी बसली की जुनी पुसली जाते. आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या की गिऱ्हाइकांची एकच तक्रार आहे, वाचता वाचता डोळा लागतो.

ती लिहिलीय मास्तरांनी. बावीस वर्षं लिहीत होते. नजर गेली म्हणून थांबले, पण दर गुरुवारी चहाला येतात म्हणे.

गुरुवार, ६ जानेवारी

मास्तर भेटले. उंच, जरासे वाकलेले. उजेड आणि अंधार एवढंच दिसतं त्यांना. माझ्या टेबलाशी काठी टेकून म्हणाले, हवं ते कापा, पण टिपा गाळू नका. गाळायचीच झाली तर आधी मला वाचून दाखवा. एकेका टिपेमागं कुणीतरी रडत फोन केलेला आहे.

मी हो हो म्हटलं. आपण म्हणतोच.

शुक्रवार, १४ जानेवारी

शंभर पानं झाली. मास्तरांचं लिहिणं म्हणजे नमनाला घडाभर तेल. समास वाढवायला एक बटण दाबायचं, तर आधी समास म्हणजे काय, तो का असावा, नसला तर काय होतं! मी चार ओळींची एक करते. मॅडम खूश आहेत. संध्याकाळी भावजींना आधीचं आणि नंतरचं, दोन्ही वाचून दाखवलं. ते माझ्यावाल्याला झोपले नाहीत.

गुरुवार, २० जानेवारी

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

जेवणाच्या सुट्टीत मास्तरांचं एक वाक्य मी त्यांच्याच आवाजात, काठी टेकल्यासारखं करून, वाचून दाखवलं. आमच्या प्रोग्रॅमरला हसून ठसका लागला. मॅडमही हसल्या. मागं वळून बघितलं. मास्तर दारात उभे होते.

ते म्हणाले, "छान वाचता हो. आवाज स्वच्छ आहे तुमचा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफीही मागितली नाही. आणि त्या शरमेचं मी काय केलं? दुपारभर त्यांच्यावरच चिडले. पान दोनशे चौदावर अकरा ओळींची एक टीप होती. पहिलं म्हणजे असं, दुसरं म्हणजे तसं. अरुंद रकान्यात दशांशाचा आकडा आला तर तो मधे तुटू नये म्हणून बांधून ठेवा, असं काहीतरी. पहिलंसुद्धा धड पुरं वाचलं नाही. गाळून टाकली.

त्यांना विचारलं नाही.

सोमवार, ७ फेब्रुवारी

नवी पुस्तिका सगळीकडे गेली. दोनशे साठ पानं! मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. ताईनं शेजारणीला बोलावून सांगितलं की आमची धाकटी पुस्तक लिहिते. मी दुरुस्त केलं नाही. बरं वाटत होतं.

सोमवार, १४ फेब्रुवारी

दुपारी एका हॉस्पिटलातून फोन आला. तिथं तक्ते छापणाऱ्या बाई होत्या. फोन मीच उचलला.

नव्या पुस्तिकेत बघून त्यांनी मुलांच्या औषधांचा तक्ता बसवला होता. रकाना अरुंद पडला. ०.५ हा आकडा मधेच तुटला, शून्य आणि टिंब वरच्या ओळीच्या कडेला कापली गेली, खाली नुसता ५ राहिला. कुणाच्या लक्षात आलं नाही. नर्सनं औषध पाच मिली दिलं.

सहा वर्षांची मुलगी. काल गेली.

त्या बाई ओरडल्या नाहीत. एवढंच विचारत होत्या की मी कुठलं पान वाचायला चुकले ते सांगा. तीनदा विचारलं. मी म्हटलं, बघून कळवते.

मंगळवार, १५ फेब्रुवारी

मॅडमनी विचारलं, याबद्दल जुन्या पुस्तिकेत काही सूचना होती का?

मी म्हटलं, नव्हती.

एवढा एकच शब्द. मग तो खरा करावा लागला. जुन्या फाइली पुसल्या, साठवणीतल्या प्रतीही पुसल्या. कपाटात एक छापील प्रत होती. सगळे जेवायला गेल्यावर ती कागद कातरायच्या यंत्रात घातली. चारशे पानांना पंचवीस मिनिटं लागतात.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

मास्तरांना बोलावलं. मॅडमनी सगळं सांगितलं. ते लगेच म्हणाले, मी लिहिलंय ते. कोष्टकांच्या प्रकरणात. दोन गोष्टी होत्या त्यात.

मॅडम माझ्याकडे वळल्या. जुनं पान तेवढं वाचून दाखव म्हणाल्या.

माझ्या स्क्रीनवर नवीच पुस्तिका उघडी होती, पण मॅडमना पलीकडून ती दिसत नव्हती. आवाज स्वच्छ निघाला. टीप सोडून वाचलं. मधेमधे मास्तरांची लांबड मी मनानंच घातली. ती मला पाठ झाली होती.

मास्तर बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "मग चूक माझीच आहे. लिहिलं असं वाटत राहिलं, लिहिलं नाही."

मॅडमनी त्यांना पाणी दिलं.

शनिवार, १९ फेब्रुवारी

प्रोग्रॅमरनं आकडा तुटायचा दोष काढला. मी आडून विचारलं, असं आणखी काही असेल का? तो म्हणाला, फार जुना कारभार आहे हा, यातले कोपरे मला कुठले माहीत? ते मास्तरांनाच माहीत.

दुसरं म्हणजे काय होतं?

गुरुवार, २४ फेब्रुवारी

मास्तरांच्या बायकोनं ऑफिसात फोन केला. म्हणाल्या, हे जेवत नाहीत. आणखी काय काय लिहायचं राहिलं ते बघायचंय म्हणतात, त्या मुलीला वाचायला पाठवा. मॅडमनी पाठवलं.

दुपारभर वाचलं, नवीच पुस्तिका, त्यांची लांबड मनानं घालत. ते खुर्चीत डोळे मिटून बसले होते. प्रत्येक वाक्याला म्हणत, "हं." लहान मुलं गोष्टीला हुंकार देतात तसा.

जुन्या दोनशे चौदावरची टीप होती त्या जागी हं आला नाही. त्यांनी विचारलं, "पुढं?"

मी म्हटलं, पुढं पुढचं पान.

ते म्हणाले, पहिलं आठवतंय मला. दुसरं आठवत नाही. दुसरं जास्त वाईट होतं.

निघताना त्यांच्या बायकोनं माझा हात हातात घेतला. तुझे उपकार आहेत म्हणाल्या. मी हात सोडवून घेतला.

सोमवार, २८ फेब्रुवारी

मास्तर गेले. दुपारी, त्याच खुर्चीत.

मी त्यांच्या घरी भेटायला गेले. त्यांच्या बायकोनं सांगितलं की शेवटपर्यंत म्हणत होते, ती बरोबर वाचते गं, माझंच डोकं गेलं.

बुधवार, २ मार्च

दुपारी तीनची वेळ. खोलीत मी एकटी. सवयीनं एक परिच्छेद ओठातल्या ओठात वाचला. वाक्य संपलं आणि दाराजवळून आवाज आला.

हं.

उठून बघितलं. कुणी नव्हतं. पुढचं वाक्य वाचलं. हं.

मग वाचलंच नाही.

शुक्रवार, ४ मार्च

मनात वाचलं तरी येतो. आज माझ्या खुर्चीच्या मागून आला. बसच्या तिकिटामागच्या सूचना वाचल्या, त्यावर हं. ताईची चिठ्ठी वाचली, दूध तापव. हं.

आवाजात राग नाही. राग असता तर बरं होतं.

सोमवार, ७ मार्च

गाळलेल्या टिपेच्या जागी थांबतो. तिथं हं नाही. नुसता श्वास. वाट बघत असल्यासारखा.

दोष काढला म्हणून साठ हॉस्पिटलं गुरुवारी सकाळी नऊला नवे तक्ते लावणार आहेत, आणि दुसरं काय ते कुणालाच माहीत नाही. मॅडमना सांगायला तीनदा दारापर्यंत गेले. तीनदा चहा हवाय का विचारून परत आले.

मंगळवार, ८ मार्च

टीप आठवायला बसले. दुसरं म्हणजे रकाना — नाही. दुसरं म्हणजे ओळ — नाही. वाचलीच नव्हती, तर आठवणार काय! प्रत्येक खोट्या वाक्यानंतर शांतता. श्वास अगदी कानाशी.

माझ्या घशातूनही येतं आता. भावजी टीव्ही बघताना काहीतरी बोलले, मी हं म्हटलं. तो माझा आवाज नव्हता. भावजी माझ्याकडे बघत राहिले.

बुधवार, ९ मार्च

ताईला सांगितलं. सगळं. टीप, यंत्र, मास्तरांसमोर वाचलं ते.

ती रागावली नाही. उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतूनच म्हणाली, त्या पोरीच्या आईला कळायला हवं.

गुरुवार, १० मार्च, सकाळ

ऑफिसात लवकर आले. मॅडमना पत्र लिहिलं. नव्हती म्हटलं ते खोटं. टीप होती, मी गाळली. मास्तरांची चूक नव्हती. रिकाम्या खोलीत ते मोठ्यानं वाचलं. प्रत्येक वाक्याला हं. प्रत्येकाला — अगदी शेवटच्यालाही.

पत्र मॅडमच्या टेबलावर ठेवलंय. म्हटलं, संपलं.

संपलं नाही. फोन वाजतोय. हॉस्पिटलांचे तक्ते नऊला — साडेआठ झालेत —

मागची खुर्ची सरकली.

हं नाही. बोलतायत. म्हणाले, लिहून घ्या.

या वहीत लिहितेय, दुसरा कागद हाताशी नाही. त्यांचा आवाज बारीक होत चाललाय — मास्तर, हळू — हो, लिहितेय —

दुसरं म्हणजे, रकान्याच्या तळाशी आकडा आला आणि त्याच्या खालची ओळ जर